मधलं बटण

माझे भावजी कवळ्या बनवतात. दंतवैद्य तोंडाचं माप घेऊन साचा पाठवतात आणि भावजी आपल्या खोलीत, टेबलावरच्या दिव्याखाली मान घालून, कधीही न पाहिलेल्या माणसाचे दात घडवून देतात. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं आहे. ते स्वतः मात्र फारसं हसत नाहीत, बोलतातही बेताचंच. फक्त एका विषयावर त्यांचं तोंड उघडलं की मिटता मिटत नाही. हेवी मेटल गिटारचा टोन.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा घरच्यांना एवढंच कळलं होतं, की मुलगा शांत आहे, निर्व्यसनी आहे आणि थोडीफार गिटार वाजवतो. आईने मनाशी चित्र रंगवलं होतं, की संध्याकाळी गच्चीवर बसून हळुवार काहीतरी छेडत असेल. लग्नानंतर ती पहिल्यांदा ताईकडे राहायला गेली आणि भावजींनी शेजारच्या खोलीत गिटारचा अ‍ॅम्प चालू केला. आई स्वयंपाकघराकडे धावत सुटली. "अगं, मिक्सरमध्ये चमचा राहिलाय!"

"आई, मिक्सर बंद आहे," ताई म्हणाली. "तो वाजवतोय."

ताई एरवी नवऱ्याला अहो-जाहो करते. गिटारचा विषय निघाला की मात्र ती सरळ अरे-तुरेवर येते.

भावजींचा चौघांचा बँड आहे. ड्रम वाजवतो तो मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा मालक. बेस गिटार एका इलेक्ट्रिशियनकडे. आणि गाणाऱ्या बाई वाचनालयात काम करतात. आठवडाभर लोकांना "शांतता राखा" म्हणून जे काही साठतं, ते त्या रविवारी दहा ते एक बाहेर काढतात. सराव ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या खोलीत, रहदारीच्या खुणांच्या तक्त्यांखाली. बँडमध्ये भावजींचं नाव 'कवळी'.

बावीस वर्षं हा माणूस एका आवाजाच्या मागे होता. त्यापायी बुटांचे अकरा खोके गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांनी भरले. कवळीच्या हिरड्यांना वापरतात त्या गुलाबी प्लॅस्टिकची तारा छेडायची जाडजूड 'पिक' त्यांनी स्वतः घासून घडवले, कारण बाजारातले म्हणे "मऊ पडतात". आणि अ‍ॅम्पची बटणं तर त्यांनी जवळजवळ देव्हाऱ्यासारखी जपली. आवाज फाडणारं गेनचं बटण शेवटापर्यंत. खालचा घुमारा देणारं बेसचं पूर्ण. वरची धार देणारं ट्रेबलचंही पूर्ण. आणि मधलं, मिडचं, शून्यावर. ताई त्या बटणांवरची धूळ पुसायलाही घाबरायची.

घरात एकट्याने वाजवताना तो आवाज खरोखर दांडगा वाटायचा. खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि भावजी डोळे मिटून घ्यायचे.

मग बँडला पहिला कार्यक्रम मिळाला. रविवारी दुपारी, एका सभागृहात, चार बँड. ताई आणि मी तिसऱ्या रांगेत. पडदा उघडला, ड्रम धडाडले, बेस घुमला, वाचनालयाच्या बाईंनी अशी काही डरकाळी फोडली की पुढचे दोघं खुर्चीत मागे सरकले. आणि भावजी? भावजी घामाघूम होऊन मान हलवत होते, बोटं तारांवर सैरावैरा पळत होती, आणि ऐकू येत होती ती फक्त सायकलच्या चाकातून हवा जावी तशी एक सूं-सूं.

कार्यक्रम संपल्यावर ते रुमालाने मान पुसत आले. "कसा होता टोन?"

"भारी!" मी म्हणालो. मेहुण्याने अशा वेळी दुसरं काय म्हणायचं?

ताई म्हणाली, "तू वाजवत होतास?"

त्यानंतर दोन दिवस घरात फक्त कुकर बोलत होता.

भावजींनी दोष आधी सभागृहाला दिला, मग ध्वनी सांभाळणाऱ्याला, मग वायरला. शेवटी फ्रिजएवढा एक स्पीकर घरी आला. त्याच्यासाठी ताईचं कपाट हलवावं लागलं, आणि मग मात्र ताईने मनावर घेतलं. ती कानाच्या डॉक्टरांकडे ऐकण्याच्या तपासण्या करते, अठरा वर्षं झाली. "तुमचे कान गेले असणार," ती म्हणाली. "शनिवारी चला." मी सोबत होतो, कारण ते वाटेतून पसार होतील अशी तिला शंका होती.

तपासणीची खोली म्हणजे जाड दाराची, काचेची खिडकी असलेली पेटीच. आत भावजी कानांवर हेडफोन लावून, हातात बटण घेऊन, दहावीच्या पेपरला बसल्यासारखे बसले. बारीक शिट्टी ऐकू आली की दाबायचं. बाहेर ताई कागदावर खुणा करत होती. अर्ध्या तासाने तिने आलेख पुढे सरकवला.

"कान शाबूत आहेत. इथे वरच्या अंगाला जरासा खड्डा आहे, तो तुमच्या ड्रायव्हिंगवाल्याच्या झांजांचा. उद्यापासून कानात बोळे घालायचे, ऐकलंत?"

"मग मला ऐकू येतं ते लोकांना का येत नाही?"

ताईने पेन्सिलीने आलेखाच्या मधोमध एक पट्टा काढला. "माणसाचं बोलणं समजतं ते मुख्यतः इथे. हा पट्टा गेला की पेशंट सांगतात, आवाज येतो हो, पण काय बोलतायत ते कळत नाही."

भावजींनी त्या पट्ट्याच्या एका कडेवर बोट ठेवलं. "हे म्हणजे साधारण पाचशे हर्ट्झपासून…"

"दोन-तीन हजारांपर्यंत."

"हा तर अख्खा मिड झाला."

"मला ते मिड-बिड कळत नाही."

"ते मी शून्यावर ठेवतो," भावजी पुटपुटले.

ताईने पेन्सिल खाली ठेवली आणि ती अरे-तुरेवर आली. "म्हणजे जे गेलं म्हणून लोक माझ्याकडे रडत येतात, ते तू हाताने काढून टाकतोस? हौसेने?"

त्या पेटीत जाऊन बसावंसं मलाच वाटायला लागलं.

भावजी आठवडाभर गिटारजवळ गेले नाहीत. पुढच्या रविवारी मला म्हणाले, "चल, एक बघायचंय." वरच्या खोलीत त्यांनी मधलं बटण शून्यावरून सातावर नेलं, जीव मुठीत धरून. खालचा घुमारा कमी केला, कारण तिथे इलेक्ट्रिशियनचा बेस आधीच ठाण मांडून होता. गेन निम्म्यावर आणला. आणि एक सूर छेडला.

डब्यात कोंडलेला माणूस भांडतोय असा आवाज आला. भावजींचा चेहरा उतरला.

"कवळी, गाडी आजारी आहे का?" ड्रमर म्हणाला.

"वाजवा तर खरं," भावजी म्हणाले.

सगळ्यांनी मिळून सुरुवात केली, आणि चौथ्या ठोक्याला दचकलेल्या ड्रमरचा उजवा पाय सवयीने ब्रेक मारल्यासारखा दाबलेलाच राहिला. गाणं थांबलं. एकटा असताना डब्यासारखा वाटणारा तो आवाज ड्रम आणि बेसच्या मधल्या फटीत असा घट्ट बसला होता, जसा नेमका घासलेला दात. वाचनालयाच्या बाई वळून म्हणाल्या, "तुम्ही ह्या गाण्यात हे वाजवता? चार वर्षं मी अंदाजाने गातेय!"

इथे गोष्ट संपली असती तर भावजी सुखी झाले असते. पण आता ते ऐकू येत होते आणि त्यांच्या चुकाही. भरमसाट गेनच्या गाळात इतकी वर्षं सगळं खपून गेलं होतं. कुठे तार चुकून वाजायची, कुठे उजव्या तळहाताची कड तारांवर उशिरा टेकायची. मेटलमध्ये आवाज सोडण्याइतकंच तो दाबून धरणं महत्त्वाचं, हे ते लोकांना बावीस वर्षं सांगत आले होते. करायचं राहून गेलं होतं.

सेहेचाळीसाव्या वर्षी भावजी पहिल्या धड्यावर बसले. रोज सकाळी कामाआधी अर्धा तास, अ‍ॅम्प बंद, समोर टिकटिक करणारा मेट्रोनोम, आणि एकाच तारेवर खाली, खाली, खाली. ताई त्या ठोक्यावर दात घासायची. "निदान आधी एक गाणं तरी वाटायचं," ती मला फोनवर म्हणाली. "आता घरात नळ गळतोय." आठ महिने तो नळ गळला. फ्रिजएवढा स्पीकर परत गेला आणि कपाट जागेवर आलं.

दुसरा कार्यक्रम त्याच सभागृहात झाला. ध्वनीवाल्याने भावजींच्या स्पीकरसमोर माईक धरला, दोन बोटं बाजूला सरकवला, ऐकलं आणि म्हणाला, "असू दे. ह्याला हात लावायला नको." भावजींनी ते वाक्य नंतर मला तीनदा ऐकवलं.

मी खरं तर टिंगल करायच्या तयारीनेच गेलो होतो. पण त्यांनी पहिला ठोका मारला आणि तो पोटात बसला. आखूड, जड, आणि लगेच मिटलेला. दोन ठोक्यांमध्ये इतकी स्वच्छ शांतता, की मागच्या रांगेतला खोकला ऐकू आला. मग पुढचा ठोका. माझ्या हातावर काटा आला, तो मी बाही ओढून झाकला. शेजारी ताई कानात बोळे घालून ताठ बसली होती.

"तिसऱ्या गाण्यात चुकला," ती नंतर म्हणाली.

"तुला कळलं?"

"लख्ख!" हे ती अशा तोऱ्यात म्हणाली, की जणू त्याला बक्षीसच मिळालं होतं.

बाहेर दुसऱ्या बँडची गिटारवाली भावजींना गाठून विचारायला लागली, कुठलं पेडल, कुठला अ‍ॅम्प, तारा किती जाडीच्या. भावजींनी श्वास भरला. आता तासभर सुटका नाही, म्हणून मी भिंतीला टेकलो. पण ते नुसते ताईकडे वळले. "हिला विचारा."

ताईने त्या मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मधलं बटण किती ठेवतेस?"

"शून्य."

"सोमवार ते शनिवार, दहा ते पाच," ताई म्हणाली आणि पर्समधून दवाखान्याचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

ती मुलगी मंगळवारी खरंच आली. गुरुवारी तिच्या ओळखीचे आणखी दोघं गिटारवाले. धडधाकट कानांची ही मंडळी तपासणीला का येतायत, याचा डॉक्टरांना काही उलगडा होईना, आणि ताईने अजून त्यांना काही सांगितलेलं नाही.