काकांच्या भाजीचं वेगळं पातेलं

भाऊकाका गेल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी पुण्यात कॉलेजच्या पायऱ्यांवर डबा उघडून बसले होते. "छातीत कळ आली, नगरला दवाखान्यात नेत होतो... वाटेतच गेला," एवढंच ते बोलले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. श्रीगोंद्याला आमचं सगळ्यांचं एकत्र घर. डबा तसाच बंद केला... त्याला आता दीड महिना झाला.

काका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. हातपाय काटकुळे, पोट मात्र शर्टाची बटणं ताणणारं. ट्रॅक्टरवाले म्हणायचे, "भाऊ, जरा आमच्या ट्रॉलीत बसा की, टनभर ऊस वाढंल." सगळ्यांत मोठ्याने काकाच हसायचे. मी आहारशास्त्र शिकते. चरबी अशी पोटावरच साठली की हृदयाला धोका असतो, हे ठाऊक असल्यामुळे मला हसू यायचं नाही. मीच त्यांना जनुकांची तपासणी करायला लावली. "पोरीच्या शिक्षणापायी थुंकतो बाबा," म्हणत त्यांनी नळीत लाळ दिली. अहवाल इंग्रजीत आला. स्वयंपाकघरात बसून मी तो समजावून सांगितला. जनुकं सगळंच ठरवत नाहीत, पण तूप, साय यांचा अपाय तुमच्या शरीराला इतरांपेक्षा जास्त होतो, ते टाळलं तर धोका कमी होईल. काका बाबांकडे बघत म्हणाले, "एका आईची लेकरं आमी. मग दादाला चालतं आन मला न्हाई?"

तरी त्यांनी ऐकलं. काकू त्यांची भाजी तूप-साय न घालता वेगळ्या पातेल्यात करू लागली. दोन-तीन महिन्यांत कमरेचा पट्टा एक भोक आत गेला, तो त्यांनी मला व्हिडिओ कॉलवर दाखवला.

दिवाळीत सोनईची आत्या आली, काका-बाबांची थोरली बहीण. पाहुणे जेवायला बसले होते. तिला ते पातेलं दिसलं. "का गं मंदा, चूल वेगळी मांडली व्हय? भावाभावांचं बिनसलं का काय?" सगळे हसले, पण काकूचा चेहरा उतरला. आमच्याकडे वेगळं शिजणं म्हणजे घर फुटणं. काका माझ्याकडे वळले. "तू सांग गं, तू शिकलेली हायस." आठ-दहा माणसं माझ्याकडे बघत होती. डोक्यात सगळं होतं, पण इतक्यांसमोर ते इंग्रजीतच सुचत होतं... मी "तसं काही नाही" म्हणाले आणि ताटात बघत राहिले. काका काकूला म्हणाले, "तूप आन इकडं."

त्यानंतर घरात एकच पातेलं चढलं. काकांनी मला कधी बोल लावला नाही. पथ्य पाळलं असतं तर ते वाचले असते, असंही कुणी ठामपणे सांगू शकणार नाही. मी स्वतःला ते अनेकदा सांगून पाहिलंय.

गेल्या रविवारी घरी गेले होते. जेवताना सगळ्यांना तूप वाढत वाढत काकूपर्यंत आले, तर तिने भातावर हात आडवा धरला. "मला नको. मी तूप सोडलंय." तो अहवाल फक्त काकांचा होता, काकू, तुला तूप सोडायची गरज नाही... या वेळी वाक्य मराठीतच सुचलं होतं. पण तिचा हात भातावर तसाच होता. मी वाटी घेऊन पुढच्या ताटाकडे वळले.