तोआ पायोहमधला रिकामा खिळा

पोलिसातल्या नोकरीत चोऱ्या पुष्कळ पाहिल्या, पण मनातून जात नाही तो सिंगापूरच्या तोआ पायोह वस्तीतल्या एका फ्लॅटमधला रिकामा खिळा. निवृत्तीला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं. माझा जन्म सिंगापूरचाच, पण घरात मराठी टिकलेली; त्यामुळे मराठी तक्रारदार आला की कागद माझ्या टेबलावर यायचे.

तक्रार मुलाने दिली होती. तो राहायचा वेगळा, महागड्या खासगी कॉन्डोत; वडील, निवृत्त अकाउंटंट, या फ्लॅटमध्ये. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. भिंतीवरचं चित्र गेलं होतं आणि संशय घरात राहणाऱ्या म्यानमारच्या कामवाल्या बाईवर होता. चित्र म्हणजे एका जुन्या फ्रेंच चित्रकाराच्या अभ्यासचित्राची छापील प्रत: स्टुडिओत पाठमोरी बसलेली विवस्त्र मॉडेल, सगळी बारीक ठिपक्यांची. किंमत फारशी नव्हती. पण चोरी शाबीत झाली असती तर बाईचं वर्क परमिट गेलं असतं, आणि गावी दोन मुली तिच्या जिवावर शिकत होत्या.

"ओरिजिनल समजून तिने विकलं असणार," मुलगा म्हणाला. "घरात दुसरं आहेच कोण?"

त्याच्या वडिलांना मी काका म्हणत होतो, गेलेल्या आईला काकू. वर्षश्राद्धाआधी काकूंचा फोटो लावावा म्हणून काका हातोडी घेऊन उभे राहिले, तर खिळा आधीच होता आणि चित्र नव्हतं. कधीपासून नव्हतं, ते त्यांना सांगता येईना. माणूस वर्षभर स्वतःच्या भिंतीकडे पाहत नाही, यावर माझ्या ज्युनिअरचा विश्वास बसेना. माझा बसला. मीही एकटाच राहत होतो.

बाईचं स्टेटमेंट स्वयंपाकघरात घेतलं. ती आठ महिन्यांपूर्वी, काकूंच्या पश्चात कामाला आली होती. तीनदा उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी तपशील वाढवत नेतो. ही एकच गोष्ट धरून बसली होती.

"सर, आय कम हिअर, ऑलरेडी ओन्ली नेल. एव्हरी वीक आय वाइप द नेल."

नुसता खिळा दर आठवड्याला पुसते, असलं काही कोणी रचून सांगत नाही. मी बाहेर येऊन काकांपाशी बसलो. माझ्या आईने असलं चित्र चार लोकांपुढे कधीच राहू दिलं नसतं, ते आठवून विचारलं, "काका, पाहुणे आले की काकू हे चित्र भिंतीवर ठेवायच्या?"

काका पहिल्यांदाच हसले. "छे हो. गणपतीत इतकी मंडळी यायची, हिला लाज वाटायची. कुठेतरी ठेवून द्यायची. कुठे, ते मी कधी विचारलं नाही."

"आणि परत कधी लागायचं?"

"विसर्जनानंतर. मखर आवरतानाच."

"मागच्या वर्षी मखर कोणी आवरलं?"

काका म्हणाले, "विसर्जनाच्या दिवशीच तिला हॉस्पिटलात नेलं. ती परत आलीच नाही."

"मी आवरलं," मुलगा म्हणाला, आणि खाली पाहू लागला.

वर्ष पुरं व्हायचं होतं म्हणून यंदा गणपती बसवला नव्हता, त्यामुळे मखराचं खोकं कोणी उघडलंच नव्हतं. मखर मांडलं की रिकामं राहणारं ते खोकं स्टोअररूममधून काढलं. तळाशी, मखराच्या खाली, काकूंच्या सुती साडीत गुंडाळलेलं चित्र होतं. मुलाने घाईत त्यावरच मखर कोंबलं होतं. त्याला मी बाईची माफी मागायला लावली. हा माझ्या कामाचा भाग नव्हता, पण लावली.

काका साडी मांडीवर घेऊन बसले. "आता हे लपवायची गरज नाही," ते म्हणाले. "येतंय कोण?"

चोर कोण, हे विचारण्याआधी या घरात कोण येतं-जातं ते विचारावं, एवढं मी तिथे शिकलो. जिथे कोणीच येत नाही तिथे वस्तू गेलेली कळत नाही, आणि कळते तेव्हा हाताशी असलेल्या माणसावर आळ येतो. हे शिकायला मला जवळजवळ सगळी नोकरी लागली, याची लाज वाटते.

पुढच्या गणपतीपर्यंत मी निवृत्त झालो होतो. दर्शनाला येतो, असं काकांना आदल्या दिवशी फोनवर सांगितलं. दार त्याच बाईने उघडलं. मखर मांडलेलं होतं, भिंतीवर काकूंचा फोटो होता. शेजारचा खिळा रिकामा होता. पाहुणा येणार म्हणून काकांनी चित्र काढून ठेवलं होतं.