धोंडूकाकूच्या अंगणातली लाल अंडी

आमच्या वळ गावात धोंडूकाकूच्या तोंडी लागायची हिंमत कुणात नाही, माझ्यात तर मुळीच नाही. मी तिच्या शेजारचा, भिंतीला भिंत. तिच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली, दुमजली बंगला झाला, तरी काकू अंगण रोज स्वतःच झाडते. वरचा मजला तिने भाड्याने दिलाय. तिथे रुमेनियाचा एक इंजिनिअर राहतो, गोदामात मशीन बसवायला आलेला. सोबत बायको योआना आणि दोन मुलं, सहा वर्षांचा आंद्रेई आणि चार वर्षांची इरिना.

गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी काकूच्या झाडूला तुळशीमागे अंडं लागलं. लालभडक. मग टाकीखाली दुसरं, जिन्याखाली तिसरं. मोजून अकरा. दारात लाल अंडं दिसलं की त्याचा अर्थ आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कुणीतरी करणी केली! आणि घरात सून, उन्नती, सातव्या महिन्यात. याआधी दोनदा तिचा गर्भ टिकला नव्हता.

करणी कुणाची, हेही काकूने उभ्या उभ्या ठरवलं. थोरली जाऊ पुतळाबाई, दुसरं कोण? वाटणी झाल्यापासून नऊ वर्षं दोघींत बोलणं नाही, आणि उन्नतीचं दोनदा जे झालं त्याचा ठपकाही काकूने मनातल्या मनात तिच्यावरच ठेवलेला. तिने चिमट्याने अंडी बादलीत भरली, समोरच पुतळाबाईच्या घरी गेली आणि दाराच्या पायरीवर धाडकन ओतली.

"घे तुजी करनी! माज्या सुनेच्या जीवावर उठलीस?"

मी गच्चीवर दात घासत होतो. ब्रश तोंडातच राहिला.

पुतळाबाई बाहेर आली. आता हीही शिव्यांची लाखोली वाहणार, असं मला वाटलं. पण तिने वाकून एक फुटलेलं अंडं उचललं, वास घेतला आणि शांतपणे सोललं.

"धोंडे, ही उकडलेली हायत गो. करनीचं अंडं कुनी उकडून ठेवतं का?"

तेवढ्यात तिच्या अंगणातून रडणं ऐकू आलं. आंद्रेई टोपली घेऊन टाकीखाली वाकून वाकून शोधत होता आणि इरिनाने जिन्याशी भोकाड पसरलं होतं. योआना पायरीवर उभी, तोंड एवढंसं झालेलं. उन्नती बाहेर आली, तिच्याशी इंग्रजीत बोलली आणि कपाळाला हात लावून सासूला हाक मारली. त्यांचा ईस्टर होता. गावी त्यांची आजी लाल अंडी करते. इथे आजी नाही, म्हणून मुलांना चुकल्यासारखं वाटू नये यासाठी आईनेच ती रंगवली होती आणि पोरांनी शोधावीत म्हणून उजाडता उजाडता अंगणात लपवली होती.

काकूचा जीव असा भांड्यात पडला, की ती तिथेच बसली. जावेच्या पायरीवर, नऊ वर्षांनी! आधी हसली, मग डोळ्यांना पदर लावला. सून ठणठणीत होती (जूनमध्ये मुलगीही ठणठणीतच झाली). आणि आपल्या वाईटावर कुणीच नाही, हे तिला इतक्या वर्षांनी कळत होतं.

पण टोपल्या रिकाम्याच होत्या. अंडी तर सगळी फुटलेली. काकूकडे कोंबड्या नाहीत, त्या वाटणीत पुतळाबाईकडे गेल्या. मागायला तोंड कुठे होतं? पुतळाबाईच खुराड्याकडे गेली आणि डझनभर गावठी अंडी पदरात घेऊन आली.

"पान्यात कांद्याची सालं टाक. रंग चढंल."

चढला, चांगला विटकरी. मग काकूने पोरांना घरात बसवलं आणि अंडी स्वतः लपवली. एक उखळात, एक सासऱ्यांच्या जुन्या चपलेत, एक चक्क माझ्या हेल्मेटमध्ये. पोरांच्या किंकाळ्यांनी आळी जागी झाली.

शेवटी योआनाने दोघी जावांच्या हातात एकेक अंडं दिलं. अंड्यावर अंडं आपटायचं, ज्याचं फुटेल तो हरला. असं आपटणारी माणसं मेल्यावर वरती पुन्हा भेटतात, असं तिच्या गावी मानतात म्हणे. उन्नतीने हे मराठीत सांगितलं, तशी पुतळाबाईने हात मागे घेतला.

"म्हंजे वर पन हिचंच तोंड बगायचं?"

काकूने अंडं पुढे धरून ठेवलं. "मार गो, बाय. नऊ वरसं हितली फुकट घालवली मी."

पुतळाबाईने मारलं. काकूचं अंडं फुटलं, आणि हरूनही न भांडलेली धोंडूकाकू मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.