पुढचं चाक माकणीचं

माझी मोटरसायकल सगळा उन्हाळा इमारतीच्या पार्किंगमध्ये निळ्या ताडपत्रीखाली पडून होती. ईटहून भूममार्गे धाराशिवला परतताना, गाव सुटताच रस्त्यावर सांडलेल्या खडीवर पुढचं चाक सरकलं आणि मी गाडीसकट कठड्यावर आदळले. डावं मनगट मोडलं. पुढचं चाक धरणारा फोर्क वाकला, चाक आठच्या आकड्यासारखं झालं, टाकी चेपली. शेतातून एक गृहस्थ धावत आले, मला उठवून बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कुनाला फोन लावू, ताई?" मला कुणाचं नावच सुचेना. शेवटी मी माझ्या मेकॅनिकचा नंबर सांगितला.

मी इथं एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. मूळची कोल्हापूरची, नोकरीमुळे धाराशिवला आले आणि राहिले. रविवारी एकटीनं गाडीवर भटकायचं, एवढाच माझा छंद. प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मी माझे मेकॅनिक मुजीबभाई यांना गाडी बघायला बोलावलं. त्यांनी ताडपत्री बाजूला केली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "नवीन पार्ट घेतले तर गाडीच्या किमतीएवढा खर्च हाय मॅडम. जुने सामान शोधा, मी बसवून देतो."

पहिला रविवार परंड्याचा. धाराशिवहून बार्शी, तिथं गाडी बदलून परंडा, असा एस.टी.चा प्रवास. स्टँडसमोर भिजवलेल्या चुरमुऱ्यांची गरम सुशीला मिळते, वर शेव आणि लिंबू. उपाशी निघालात तर तिथंच खा. एका भंगारवाल्याकडं माझ्या मॉडेलची टाकी निघाली. माझी गाडी काळी, टाकी तांबडी. रंगाचे पैसे वाचवायचे म्हणून तशीच घेतली, ओढणीत गुंडाळली आणि परतीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंनी आधी वाकून पाहिलं, मग विचारलं, "लेकरू हाय व्हय?" मी टाकी दाखवली. त्या हसल्या आणि खिडकीकडं सरकल्या.

फोर्क आणि चाक मात्र मिळेना. मग फोनवर एक जाहिरात दिसली. हेच मॉडेल, मागून ठोकर लागलेलं, पुढचा भाग शाबूत. गाव माकणी, तालुका लोहारा. फोनवर मालक एवढंच म्हणाले, "या की. जेवायलाच या."

पुढच्या रविवारी लोहाऱ्यापर्यंत बस आणि तिथून काळीपिवळी जीपनं माकणी गाठलं. जीप भरेपर्यंत सुटत नाही, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. फाट्यावर चहा घेतला. चहावाल्या मावशींनी विचारलं, "गाडी बघायला आलाव का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"लई जन येत्यात. जेवून जात्यात. गाडी काय देत न्हाईत ते." त्यांनी चहाचे पैसे घेतले आणि घराची वाट दाखवली.

घर धरणाच्या बाजूला, शेवटचं. गाडीचे मालक सिद्धार्थकाका दारातच उभे होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, चालताना उजव्या पायावर जपून भार देणारे. आतल्या भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाच्या तसबिरी, त्यांच्याखाली काकूंचा हार घातलेला फोटो. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. मागचा भाग पार चेंगरलेला, पण पुढचं चाक असं पुसलेलं की स्पोकमध्ये धुळीचा कण नव्हता.

"कुठं पडलात?" त्यांनी विचारलं. मी ईटची खडी सांगितली. त्यांनी त्यांना धडकलेला टेम्पो सांगितला. सास्तूरच्या रस्त्यावर मागून आला, खुब्यात सळई पडली, डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. अपघात झालेली माणसं एकमेकांशी ज्या बारकाईनं बोलतात तसं आम्ही बोललो. आधी काय ऐकू आलं, मग काय दुखलं. धरणातल्या माशांचं कालवण त्यांनी स्वतः केलं होतं. भाकरी थोड्या जाड होत्या, शेंगाची चटणी झणझणीत. कितीतरी दिवसांनी मी कुणासमोर बसून जेवत होते.

जेवण झाल्यावर मी किंमत विचारली.

"बघू की. घाई काय हाय?"

पुन्हा विचारलं. त्यांनी धरणाची गोष्ट काढली. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते पानाचा डबा शोधायला उठले, तेव्हा माझा आवाज चढला. "काका, द्यायची नाही तर जाहिरात कशाला देता? एवढ्या लांबून आले मी."

ते डबा न शोधताच वळले. मग शेडकडं बघत म्हणाले, "जाहिरात काढली तर कुनी येत न्हाई."

माझ्या खोलीवर तर जाहिरातीनंही कुणी आलेलं नव्हतं. मी ताटं उचलून घासायला घेतली. ते नको म्हणाले, मी ऐकलं नाही. परतीच्या जीपला अवकाश होता म्हणून दोघं धरणाच्या भिंतीपर्यंत चालत गेलो. पाणी बरंच आत सरकलं होतं. ते पाय ओढत चालत होते आणि मी मनगट धरून. रिकाम्या हातानं मी धाराशिवला परतले.

आठवड्याभरानं त्यांचा फोन आला. "स्टँडवर या. फोर्क-चाक खोलून आनतोय."

मी पळत गेले. एस.टी.च्या दारातून कंडक्टर गोणपाटात गुंडाळलेलं चाक खाली देत होता आणि म्हणत होता, "आजोबा, पुढच्या बारीला इंजिन बी आना." मागून काका फोर्क काखेत धरून उतरले.

"का दिलंत?" मी विचारलं.

"बाकीचे 'कळवतो' म्हनून गेले. तुमी चिडलात." एवढंच म्हणाले. मी दिलेले पैसे त्यांनी न मोजता खिशात घातले.

तो दिवस गॅरेजमध्ये गेला. काका स्टुलावर बसून प्रत्येक नटावर मत देत होते आणि मुजीबभाई निमूट ऐकून आपल्याच पद्धतीनं काम करत होते. माझं मनगट नीट वाकत नाही म्हणून हँडल उंच केलं, क्लच हलका केला. सामानासाठी मागची सीट काढून तिथं कॅरियर जोडायचं आधीच ठरलं होतं. मुजीबभाईंनी पाना हातात घेतला तसे काका म्हणाले, "मंग म्या घरी जानार कसा?"

"डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलंय ना?"

"चालवायला न्हाय म्हनले. मागं बसायला न्हाय म्हनले न्हाईत."

मुजीबभाईंनी पाना खाली ठेवला आणि कॅरियर एका बाजूला लोंबेल असं जोडून दिलं. काळी गाडी, तांबडी टाकी, चकचकीत चाक. दिसायला पोळ्याच्या बैलासारखी. चालू केल्यावर मात्र मला रडूच आलं. हेल्मेट चढवलं.

काकांना माकणीला सोडलं. रस्ता बरा आहे, लोहाऱ्याच्या पुढं खड्डे सांभाळा. वाटेत ते फक्त दोनदा बोलले. दोन्ही वेळा "सावकाश."

पावसाळा संपल्यावर मी न सांगता पुन्हा गेले. दाराला कुलूप होतं. चहावाल्या मावशी म्हणाल्या, लेकानं पुण्याला नेलं. मला कळवलं नव्हतं. मी त्यांची कोण, ते तरी का कळवतील? शेडमध्ये गाडीचा मागचा अर्धा भाग विटांवर टेकवलेला होता. धरण भरलं होतं. एकटीनं चक्कर मारली आणि घरी आले.

घरी पोचल्यावर फोन लावला. काका लगेच बोलायला लागले. लेक-सून कामाला जातात, नातू शाळेत. घर अकराव्या मजल्यावर. "खाली गाड्याच गाड्या दिसत्यात. आवाज मातर वर येत न्हाई."

"थांबा," मी म्हणाले. जिने उतरून पार्किंगमध्ये गेले, गाडी चालू केली आणि फोन इंजिनापाशी धरला. बराच वेळ धरला. मग कानाला लावला.

"इंजिनातली टायमिंग चेन वाजतीया," काका म्हणाले. "दाखवून घ्या."