पहिली मोटार आमची

आई सरपंच झाली ती आरक्षणामुळे आणि वडिलांच्या गैरसमजामुळे. खुर्ची महिलेसाठी निघाली तेव्हा वडिलांना वाटलं, सही बायकोची आणि कारभार आपला. राहू गावच्या बाजारातून पांढरं कापड आणून त्यांनी स्वतःला दोन सदरेही शिवून घेतले.

आमच्या गावात नळ सकाळी तासभर यायचा. टाकीजवळच्या वरच्या आळीत, म्हणजे आमच्या आळीत, घरोघरी नळाला छोटी मोटार जोडलेली. सगळं पाणी तीच ओढून घ्यायची. ती घमेल्याखाली झाकायची, हे सगळ्या गावाला ठाऊक असलेलं गुपित. शेवटच्या आळीत मग थेंबही पोचायचा नाही. तिथली एक म्हातारी रिकामा हंडा घेऊन ग्रामसभेत आली आणि तो टेबलावर आदळून म्हणाली, "सरपंच, नळाला नुस्ता वारा येतोय. त्यात ज्वारी उफणू का?"

सगळे हसले. आई हसली नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी ऐन नळाच्या वेळी ती शिपायाला घेऊन मोटारी जप्त करायला निघाली. सुरुवात आमच्याच न्हाणीपासून. घमेलं उचललं तर खाली मोटार घुमत होती आणि शेजारी वडील, अंगभर साबण लावून.

"अगं, मी सरपंचाचा नवरा हाय!"

"म्हणून तर पयली तुमची," आई म्हणाली.

शिपायाने मोटार उचलली. वडील साबणासकट बसून राहिले.

वरच्या आळीने आईला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी निरोप आला: मोटारी परत द्या, तरच संक्रांतीला हळदीकुंकवाला येऊ. सरपंचाच्या घरचं हळदीकुंकू ओस पडणं म्हणजे गावात नाक कापलं जाणं. मी आईच्या मागे लागले, "देऊन टाक ना, तुझं काय जातंय?" ती तीळ भाजत राहिली.

संक्रांतीला कुणीही आलं नाही. जिथे आता पाणी पोचत होतं, त्या शेवटच्या आळीतल्या बायकाही नाहीत, कारण त्यांची मजुरी वरच्या आळीच्या शेतात. मला सगळ्या गावाचा राग आला आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त आईचा. तिळाचे लाडू आम्ही होळीपर्यंत खाल्ले. दर लाडवाला वडील आईला म्हणायचे, "गोड बोला."

पुढच्या निवडणुकीत आई आपल्याच आळीत सपशेल पडली. नव्या सरपंचाने पहिल्या दिवशी मोटारी वाटून टाकल्या. वडील आमची मोटार खांद्यावर घेऊन नवरदेवाच्या थाटात घरी आले. आईने ती जोडू दिली नाही. "मीच काढली आन् मीच लावू व्हय?" झालं, आता वरच्या आळीत फक्त आमच्याच नळाला वारा.

मग आई हंडा घेऊन शेवटच्या आळीतल्या हातपंपावर गेली. मी मागे, मान खाली घालून. रांगेत सगळ्यात पुढे तीच म्हातारी होती. तिने आपला हंडा बाजूला सरकवला.

"सरपंच, म्होरं या."

निकाल लागल्यापासून आईला गावात कुणी तसं हाक मारलं नव्हतं. एवढ्या शिव्या खाऊन कोरडे राहिलेले तिचे डोळे त्या हाकेने भरले. तिने मान हलवली आणि हंडा रांगेच्या शेवटी ठेवला.

थोड्या वेळाने वडील आले, बादली पाठीमागे लपवत, आणि गुपचूप तिच्या पुढे शिरायला लागले.

"अवं," आई म्हणाली, "रांग मागनं हाय."