आणि मी आई

ताई गेल्याचा फोन ठाण्याला माझ्या घरी आला तो मीनूचा, तिच्या मुलीचा. "मावशी, मी मीनू. आई गेली गं." अशा वेळीही तिने आधी स्वतःचं नाव सांगितलं... त्या घराची ती रीतच होती. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत शिरताना चपला काढायच्या आधी नाव सांगायचं. माझे मेव्हणेसुद्धा ऑफिसातून आले की दारातून "मी वसंत" म्हणत, आणि नवे शेजारी हसत. मीनू "आई, मी मीनू" म्हणाली की आतून ताई म्हणायची, "आणि मी आई." ताईचं ते उत्तर म्हणजे मायलेकींची गंमत, असं आम्ही सगळे समजत होतो.

ताईला चेहरे ओळखता येत नसत. दिसायचं सगळं, सुईत दोरा ती चष्म्याशिवाय ओवायची. पण माणूस नजरेआड झालं की त्याचा चेहरा पुसला जायचा, आणि परत समोर आलं की ते नवंच. मग आवाज, चाल, अंबाडा, कुंकवाचा आकार यांवर ती कसंबसं निभावून न्यायची. कल्याणला माहेरी आमच्या आप्पांचंही हेच असणार, हे आता कळतं. ते रस्त्याने कोणाकडे न बघता चालायचे, म्हणून सगळी आळी त्यांना शिष्ट म्हणे. लेकीलाही तोच शिक्का बसला. मी मात्र एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाही. एकाच आईबापाच्या आम्ही दोघी आणि वाटणी ही अशी... मला त्याचा अजून राग येतो.

आणि आपल्या माणसांची हौस तर विचारू नका. लग्नात कोणीतरी लांबची काकू समोर येऊन उभी राहणार आणि हसत विचारणार, "ओळखलंस का मला? सांग बघू कोण?" बाकीच्यांची करमणूक व्हायची, पण ताई हात मागे करून माझा पदर ओढायची. मी मागून "पेणची सुमनकाकू" असं पुटपुटायचे. त्या एका प्रश्नापायी तिने लग्नांना जाणं सोडलं. मीनूच्या शाळेच्या फाटकाशी ती नुसती उभी असायची. सगळ्या मुलींचा एकच गणवेश, एकाच रंगाच्या रिबिनी. "यातली माझी कुठली हे तिनेच येऊन हात धरून सांगायचं, कुंदा," असं ती मला एकदा म्हणाली, आणि लगेच भाजी निवडायला लागली.

उरलंसुरलं बाहेर पडणं ऐंशीच्या दशकातल्या एका संक्रांतीला बंद झालं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींचे यजमान नुकतेच वारले होते. ताई त्यांना भेटून आली होती, त्यांच्यापाशी बसून रडलीही होती. त्यांच्या मोठ्या गोल कुंकवावरून ती त्यांना ओळखायची. आता त्या जागी बारीकशी काळी टिकली आली होती. भाजीच्या गाडीपाशी त्या भेटल्या तेव्हा ताईला वाटलं, कोणीतरी नवं बिऱ्हाड आलंय. तिने अगदी अगत्याने त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं केलं, वर यजमानांनाही तिळगूळ घ्यायला पाठवा म्हणाली. त्या बाई एक शब्द न बोलता निघून गेल्या. ताईने पाठमोरी चाल पाहिली आणि तिला कळलं. पुढे कितीतरी वर्षं तिचं जग म्हणजे त्या दोन खोल्या आणि खिडकीचं ग्रिल. "इथे कोण येणार ते मला माहीत असतं. बाहेर सगळेच परके," असं म्हणायची.

नव्वदनंतर कधीतरी मी तिला ओढूनच ठाण्याच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी समजावून सांगितलं, की चेहरे ओळखायचं काम मेंदूचा एक विशिष्ट भाग करतो, आणि एखाद्या घराण्यात तो जन्मापासूनच नीट चालत नाही. औषध नाही. ताईने एवढंच विचारलं, "माझ्या मुलीला असेल का?" असूही शकेल, असं ते म्हणाले. त्या दिवसापासून नाव सांगायची रीत सुरू झाली, आणि ताईची झोप उडाली. मीनूची परीक्षा घ्यायची, पण उत्तर बरोबर की चूक हे ताईला कसं कळणार? म्हणून तिने ते काम माझ्यावर सोपवलं. मी अल्बम घेऊन बसले. मीनूने एकेक नाव धडाधड सांगितलं, एकही चुकलं नाही. ताई पदराने डोळे पुसत म्हणाली, "माझ्यापाशीच थांबलं म्हणायचं." इतकी मोकळी हसलेली मी तिला त्याआधी कधी पाहिली नव्हती.

दिवसकार्यासाठी ताईचा फोटो मोठा करून घ्यायचा होता. मीनू जुन्या पासपोर्ट फोटोंचं पाकीट घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. वसंतराव आत होते. तिने दोन फोटो माझ्या मांडीवर ठेवले, एक ताईचा आणि एक माझा. दोन्हींत नुसते चेहरे.

"मावशी," ती हळू आवाजात म्हणाली, "यातली आई कुठली गं?"

"मग तेव्हाचा तो अल्बम?" मी विचारलं.

"अल्बममधल्या साड्या पाठ केलेल्या मी," ती म्हणाली. "तिला झोप लागावी म्हणून."

मी बोट ठेवलं. मीनूने तो फोटो उचलला, मागे पेन्सिलीने 'आई' लिहिलं.

परवा मी डोंबिवलीला त्यांच्याकडे गेले होते. फोटो आता बाहेरच्या खोलीत आहे, चंदनाचा हार घातलेला. मीनू कामावरून आली, दारात थांबली आणि म्हणाली, "आई, मी मीनू." मग चपला तशाच पायात ठेवून उभी राहिली... आतून कोणीतरी "आणि मी आई" म्हणायची वाट बघत.