सत्कार परत घ्यायला गेलो तेव्हा

आमच्या गावाच्या वेशीवर स्वागत कमान उभी राहिली, त्याच उन्हाळ्यात गुरांचा दवाखाना बंद झाला. कमानीसाठी सरकारकडे पैसा होता. तिच्याखालून जाणाऱ्या जनावरांना सुई टोचायला नव्हता. अर्थात ‘बंद’ हा शब्द कुणी वापरला नाही. खर्चात कपात करायची म्हणून दवाखान्याचं तालुक्याच्या दवाखान्यात ‘विलीनीकरण’ झालं. म्हणजे डॉक्टर तालुक्याला गेला, त्याच्यामागून लशींचा फ्रीज टेम्पोतून गेला, आणि आमच्याकडे उरला तो जनावर उभं करायचा लोखंडी खोडा. तो काँक्रीटमध्ये रोवलेला होता, म्हणून उरला.

मी सांगलीत कॉलेजात इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर पूर्वेकडच्या कोरड्या भागातल्या या माझ्या गावी परत आलो. माझ्या घरात एक मांजर आहे आणि ते कुठल्याच खात्याच्या अखत्यारीत येत नाही. पण माझ्या घरामागच्या वस्तीवर धनगर आक्का राहतात. नवरा गेल्यापासून मेंढ्यांचा कळप त्याच सांभाळतात. हिरवं गवत उगवायच्या आत मेंढ्यांना एक लस टोचावी लागते. ती चुकली, तर संध्याकाळी कोवळं गवत खाऊन आलेली धडधाकट मेंढी सकाळी आडवी पडलेली असते. मागे एका वर्षी लस उशिरा आली होती. त्या वर्षी अर्धा कळप आक्कांनी स्वतःच्या हातांनी खड्डे काढून पुरला. आता त्यांना सांगण्यात येत होतं की मेंढ्या तालुक्याला आणा. हे सांगणाऱ्याने आख्खा कळप कधी टेम्पोत चढवून पाहिला नसावा.

गाव संतापलं. सरपंचांनी निवेदन दिलं, आणि तालुक्याचे साहेब ‘ग्रामस्थांच्या भावना जाणून घेण्यासाठी’ स्वतः येणार असल्याचा निरोप आला. त्यांना भर सभेत जाब विचारायचा असं ठरलं. मग आमच्या गावाने तेच केलं, जे आमचा सगळा मुलूख दारी आलेल्या पाहुण्याचं करतो. मांडव घातला, स्पीकर लावला. साहेब रिकाम्या हाताने कसे जातील, म्हणून फेटा, शाल आणि नारळ आणला. धनगरांच्या वतीने आक्कांनी पेटीतलं कोरं घोंगडं काढून दिलं. घरच्या लोकरीचं होतं ते.

सूत्रसंचालकाने साहेबांना ‘मुक्या जनावरांचे कैवारी’ म्हटलं. साहेबांनी मान लववून ते मान्य केलं. जाब विचारायची वेळ आली, तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. ऐन मे महिन्यात खांद्यावर घोंगडं घेऊन, घाम पुसत, साहेब गाडीत बसून गेले.

पुढच्या आठवड्यात सरपंच कचेरीत विचारायला गेले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की ग्रामस्थांनी निर्णयाचं उत्स्फूर्त स्वागत केलं असल्याने विषय संपला आहे. पुरावा म्हणून फेट्यातल्या साहेबांचा फोटो दाखवला गेला. इतिहासात मी हरलेली पुष्कळ सैन्यं शिकवली, पण शत्रूला फेटा बांधून हरलेलं हे पहिलंच.

संध्याकाळी पारावर माणसं जमली. बौद्धवस्तीतले मेजरही आले. ते फौजेत हवालदार होते, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो.

“सरपंच, लढाईला गेलावता का लग्नाला?” मेजरनी विचारलं.

“आवं, रीतभात पाळाय पायजे का न्हाई?”

“रीतभात लय पाळली. फोटूत साहेबापेक्षा तुमचंच दात जास्त दिसत्यात. आमाला मांडवात खुर्ची मागं दिलीवती, म्हून आमी फोटूत न्हाई. बरं झालं.”

लोक हसले. शेवटच्या वाक्याला हसू जरा कमी पडलं. आक्का मात्र हसल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, “माझं घोंगडं परत आणा.”

“आक्का, दिल्यालं दान परत मागत्यात व्हय?” सरपंच दचकले.

“दान कुठलं रं? दवाखाना ऱ्हावा म्हून दिलं. दवाखाना गेला. मग घोंगडं कशापाई ठिवलंय त्यानं?”

मेजरनी मांडीवर थाप मारली. “ऑर्डर मिळाली गड्यांनो! सत्कार कॅन्सल!”

साहेबांनी आसपासच्या इतर गावांच्याही भावना अशाच जाणून घेतल्या होत्या. मेजरच्या मोटारसायकलवर मागे बसून मी गावोगाव फिरलो. सगळीकडे दवाखान्याला कुलूप आणि सगळीकडे सत्कार झालेला. दिलेलं परत घेणं अपशकुनाचं, असं बरेच जण म्हणाले. द्राक्षबागायतदार म्हणाले, “मेंढरं धनगराची, आमाला काय त्याचं?” मेजरनी विचारलं, “म्हस अडली की कुणाला फोन करताय? द्राक्षाच्या व्यापाऱ्याला?” एका गावात दोन पार्ट्या होत्या आणि दोन्हींनी साहेबांचा वेगवेगळा सत्कार केला होता. त्या परत घ्यायलाही वेगवेगळ्या टेम्पोतून आल्या. पण आल्या.

कचेरीचं आवार भरलं. घोषणा नव्हत्या. “सत्कार परत घ्यायला आलोय,” असं शिपायाला सांगितलं, तेव्हा हे कुठल्या टेबलावर पाठवायचं ते त्याला कळेना. साहेब बाहेर आले. “बसा, चहा घ्या.”

“चा नको,” आक्का म्हणाल्या. “चा पिला की फोटू निघतोय.”

मग प्रत्येक गावाने आपापली शाल मागितली. “नारळ खाल्ला आसंल तर ऱ्हाऊ द्या,” मागून कुणीतरी म्हणालं. साहेबांनी कपाट उघडायला लावलं. शाली निघाल्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. घोंगडं नव्हतं. बऱ्याच कुजबुजीनंतर ड्रायव्हर ते घेऊन आला. गाडीच्या डिकीत स्टेपनीखाली अंथरलेलं होतं. मधोमध ऑइलचा काळा डाग.

आक्कांनी ते झटकलं, डागावर हात फिरवला आणि तिथेच अंथरून त्यावर बसल्या. त्यांच्यामागे सगळे बसले. या वेळी कोण पुढे आणि कोण मागे, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“हे बघा, वरून कपात आहे. माझ्या हातात काहीच नाही,” साहेब म्हणाले.

“नारळ घ्याय हात हुतं की,” मेजर म्हणाले.

दुपार कलली तरी कुणी उठेना. अखेर साहेबांनी वर फोन लावला आणि गावोगावी लसीकरण पुरं होईपर्यंत डॉक्टर पाठवायचं सगळ्यांसमोर कबूल केलं. डॉक्टर कायमचा देता येणार नाही, हेही सांगितलं. उपकार केल्यासारखा चेहरा करून सांगितलं, याचा राग मला अजून आहे.

डॉक्टर आला तेव्हा माळावर अजून गवताची काडी उगवली नव्हती. सरपंच सवयीने नारळ घेऊन पुढे झाले.

“सरपंच, ठिवा खाली,” आक्का ओरडल्या. “आदी सुई.”

त्यांनी खोड्याच्या सावलीत घोंगडं अंथरलं आणि लशीचा डबा त्यावर ठेवून घेतला. शेवटची मेंढी टोचून होईपर्यंत त्या जागेवरून हलल्या नाहीत. घोंगड्यावरचा डाग काही निघाला नाही. कुणीतरी रॉकेलने पुसून बघा म्हणालं, तेव्हा आक्का म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. दवाखान्याला अजून कुलूपच हाय. परत जायाचं हाय आपल्याला. बसाय लागंल.”